पत्रिका जमत नाही

नकार ऐकून माणसं आभार मानतात, हे मी मिसच्या समोरच्या टेबलावर बसायला लागेपर्यंत पाहिलं नव्हतं. फोनवर मुलीचा बाप असायचा. मिस त्याला सांगायच्या की मुलगी सगळ्यांना फार आवडली, मुलाची आई तर फोटो हातातून खाली ठेवत नव्हती, पण काय करणार, पत्रिका जमत नाही. एकनाड आली. पलीकडून काहीतरी बोलणं व्हायचं आणि मिस म्हणायच्या, "अहो, आभार कसले त्यात, आमचं कामच आहे." प्रत्यक्षात मुलाच्या आईने फोटो पाहून "ही?" एवढंच विचारलेलं असायचं.

हिंदमाताला एका साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमचं वधूवर सूचक केंद्र होतं. खाली शालू, वर स्थळं. ज्यांचं जमायचं ती मंडळी जिना उतरून थेट दुकानात शिरायची आणि ज्यांचं मोडायचं ती दुकानाकडे न बघता झपाझप निघून जायची. त्यामुळे आमचा धंदा कसा चाललाय ते आमच्या मालकांच्या आधी खालच्या दुकानदाराला कळायचं. मी तिथे कॉम्प्युटरवर होते. बाकी सगळं मिस चालवायच्या.

मिस म्हणजे गिरगावातल्या एका वाडीत राहणाऱ्या कॅथलिक बाई. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात बारीक क्रॉस आणि केसांना घट्ट बसवलेली पिन. तरुणपणी टायपिस्ट म्हणून इथे लागल्या आणि केंद्र काढणारे म्हातारे मालक गेल्यावर मालकी त्यांच्या मुलाकडे गेली, खुर्चीत मात्र मिस बसल्या. स्वतःचं लग्न केलं नाही. जिथे येणारा प्रत्येक जण लग्नासाठी आलेला, तिथे सगळ्यांनी त्यांना मिस म्हणायचं, यात गंमत आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही केलंत? तर म्हणाल्या, "बाय, मिठाईवाला पेढे खातो का?"

पण त्यांना काय माहीत नव्हतं ते विचारा. गोत्रं, गण, नाड्या, कुणाकडे हळद आधी लागते नि कुणाकडे साखरपुड्याला ओटी भरतात, सगळं तोंडपाठ. एकदा एका नवरदेवाच्या काकांना स्वतःच्याच घराण्याचं देवक आठवेना. मिसनी ते सांगितलं. काकांनी एकदा फ्रॉककडे पाहिलं, एकदा क्रॉसकडे, आणि मान डोलावून लिहून घेतलं.

त्यांची भाषा मला शिकायला वेळ लागला. मुलगा "शांत" म्हणजे घरात कुणी त्याचं ऐकत नाही. मुलगी "स्पष्टवक्ती" म्हणजे मागच्या दोन स्थळांशी तिचं कडाक्याचं भांडण झालेलं आहे. "घरचं वातावरण जुन्या वळणाचं" म्हणजे सासूबाई खमक्या. आणि सगळ्यात वर, जिथे काहीच चालायचं नाही तिथे, पत्रिका. मी वैतागून एकदा म्हणाले, "मिस, हे सरळसरळ खोटं आहे." त्या चहात बिस्किट बुडवत होत्या. म्हणाल्या, "खरं कुणीही बोलेल गो. त्याला डोकं लागत नाही. खोटं बोलायचं तर समोरच्याचा विचार करावा लागतो."

या विचाराचा हिशेब त्या दर शनिवारी चर्चमध्ये जाऊन चुकता करायच्या. कन्फेशनला बसायचं आणि आठवडाभर कुणाकुणाची पत्रिका जमवली नाही ते फादरना सांगायचं. सुरुवातीला त्या एकेक स्थळ तपशिलाने सांगायच्या. मुलगा काय करतो, मुलगी कुठली, कोण काय म्हणालं. फादरनी बरेच आठवडे सहन केलं. मग म्हणाले, बाई, सगळ्या पत्रिका एकत्र सांगितल्यात तरी देवाला चालेल. मिसना हे काही पटलं नाही. ठोक भावात पाप सांगणं त्यांना बरं वाटेना.

मग आमच्याकडे ते आलं.

मालकांच्या सुनेने ते आणलं. आपल्या जुन्या मेसेजेसवर, पत्रांवर तयार केलेलं आहे म्हणाली. नकार, होकार, आठवण, सगळं आता तेच लिहील, आणि तोंडाने विचारलंत तर तोंडाने उत्तरही देईल. सून गेल्यावर मिसनी खुर्ची सरकवून स्क्रीनसमोर घेतली, चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी कोण कोण असतं?"

ते गोड आवाजात म्हणालं की मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक आहे, मला कुटुंब नाही.

"एकटाच आहे गो," मिस मला म्हणाल्या. "सासू नाही, नणंद नाही. मुली रांग लावतील. शिक्षण काय?"

ते म्हणालं, माझं प्रशिक्षण खूप मोठ्या प्रमाणावरच्या मजकुरावर झालेलं आहे.

"म्हणजे डिग्री नाही. वय?"

वय मला लागू होत नाही, म्हणालं. मिस विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. लग्नपत्रिकेवर मुलाच्या नावाआधी चि. छापतात, त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मी ते छापून घेतेय, पण खरोखरचा चिरंजीव आज पहिल्यांदा आला. तेव्हापासून ते चिरंजीव झालं. मालकांची सूनसुद्धा नंतर फोनवर विचारायची, "चिरंजीव नीट चाललाय ना?"

स्थळाची चौकशी केल्याशिवाय मिस कुणाला घरात घेत नसत, तशी त्यांनी चिरंजीवचीही केली. त्याला एक प्रश्न घातला. मुलाला लहानपणी एकदा फिट आली होती. पुन्हा कधी नाही. मुलीकडच्यांना सांगायचं का? चिरंजीवने एका बाजूने पारदर्शकता मांडली, दुसऱ्या बाजूने खासगीपणा मांडला, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा म्हणाला, दोन्ही कुटुंबांच्या भावनांचा आदर राखावा म्हणाला, आणि थांबला.

"हा नगरसेवक होईल," मिस म्हणाल्या. "ते सोड रे. तू माझ्या जागी असतास तर सांगितलं असतंस का?"

मला वैयक्तिक मत नसतं, चिरंजीव म्हणाला.

"सुटला," मिस म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "याला नीती-अनीती कळते असं पेपरात लिहितात. कशी कळणार? मी त्या फिटवाल्या मुलाच्या वेळी आठवडाभर जागी होते. हा झोपतच नाही, तर याची झोप उडणार कशी?"

मी म्हणाले, झोप उडणं म्हणजे नीती नव्हे, मिस, ॲसिडिटीनेही उडते. त्या हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. आमचे असे वाद जेवणाच्या सुट्टीत रोज चालायचे. मी म्हणायचे, योग्य-अयोग्य ठरवता आलं की झालं, ते माणसाने ठरवलं काय नि यंत्राने काय. त्या म्हणायच्या, ठरवायला काय लागतं, निस्तरायला कोण बसतं ते सांग.

कामात मात्र चिरंजीव हुशार निघाला. पंधरा दिवसांत त्याने मिसची शैली अशी उचलली की मिसनाच कधीकधी संशय यायचा, हे आपण लिहिलं की याने. किंबहुना त्याने ती वाढवली. मिस नुसतं "पत्रिका जमत नाही" लिहायच्या, चिरंजीव "ग्रहांपुढे आपल्या कुणाचंच चालत नाही" असं लिहून वर मुलीच्या पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा द्यायचा. मिस वाचून "जरा जास्तच गोड आहे" म्हणायच्या. त्यांना थोडा हेवा वाटत होता, हे मला दिसत होतं.

खरी पंचाईत शनिवारी झाली. सगळे नकार चिरंजीवने पाठवलेले, त्यामुळे मिसकडे सांगायला पापच नाही. सवयीने त्या गेल्या, बसल्या, आणि काही सुचेना म्हणून चिरंजीवची पापं सांगायला लागल्या. फादर म्हणाले, दुसऱ्याचं पाप आपल्याला कबूल करता येत नाही. मिसनी विचारलं, मग त्याला घेऊन येऊ का? फादर म्हणाले, त्याला आत्मा नाही, म्हणून पाप नाही. "मग फादर," मिस म्हणाल्या, "खोटं कुणाचं? पाठवलं तर गेलंय." मागे रांग खोळंबली होती. फादर म्हणाले, मी विचार करून सांगतो. सोमवारी ऑफिसात आल्या त्या याच खुशीत होत्या. आजवर फादरनी त्यांना विचार करायला पाठवलं होतं, या वेळी त्यांनी फादरना पाठवलं होतं.

त्यांचा हा आनंद त्या आठवड्यातच संपला.

लालबागचं एक स्थळ होतं. इंजिनीअर मुलगा, एकुलता एक. त्याच्या माहितीत "जातीची अट नाही" असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मिसनी त्याला घोडपदेवची एक मुलगी सुचवली. बौद्ध कुटुंबातली, परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. याआधीही तिची काही स्थळं आमच्याकडूनच होऊन मोडली होती. पण या वेळी दोघं दादरला एका हॉटेलात भेटली, गप्पा मारत बसली, इतकी की वेटरने दोनदा बिल आणून ठेवलं. मुलीने मिसना फोन केला. "मिस, मला आवडला," एवढंच म्हणाली. दिवसभर मिस काहीबाही गुणगुणत होत्या, मालवणी मसाल्याची जाहिरातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या आईचा फोन आला. मिसनी स्पीकरवर घेतला होता, म्हणून मीही ऐकला. मुलगी चांगली आहे हो, बाई म्हणाल्या, पण घरात जरा बोलणं झालं. मिस म्हणाल्या, तुम्ही तर अट नाही लिहिलंत. त्यावर त्या बाई म्हणाल्या, "मिस, अट नाही म्हणजे अगदीच नाही असं नसतं ना. तुम्ही समजून घ्या." मिसनी समजून घेतलं. "हो हो ताई," म्हणाल्या, फोन ठेवला, आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चिरंजीवला सांग, कळव." मी टाइप केलं: मुलाकडून नकार, कारण जात, मुलीला कळवणे.

दुपारी जेवणाच्या वेळी ती मुलगी जिना चढून वर आली. हॉस्पिटलचा पांढरा कोट हातावर घडी करून घेतलेला. मिसनी बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली. फोन पुढे धरून म्हणाली, "मिस, एक विचारायचं होतं. कुणाची पत्रिका जमली नाही?"

"तुझी नि मुलाची गो," मिस सवयीने बोलून गेल्या. "एकनाड आली."

"माझी पत्रिकाच नाहीये."

मिसनी जेवणाचा डबा बाजूला सारला.

"आमच्याकडे काढतच नाहीत," मुलगी शांतपणे म्हणाली. "आजोबांच्या वेळेपासून. आमच्या अख्ख्या चाळीत शोधलीत तरी एक मिळणार नाही. मग नाडी आली कुठून?"

गोत्रं आणि देवकं मिसना तोंडपाठ होती. पण या वेळी त्यांनी तेच केलं जे हल्ली सगळ्याच ऑफिसांत करतात. कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "हे याने लिहिलं, बाय. मशीनची चूक झाली."

"मशीनला खरं कारण माहीत होतं?"

मिसनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. "चिरंजीव," मिस चढ्या आवाजात म्हणाल्या, "खोटं का लिहिलंस रे?"

मुलीने दचकून कपाटामागे पाहिलं. तिला वाटलं, तिथे कुणी पोऱ्या बसलाय. तेवढ्यात चिरंजीवने माफी मागायला सुरुवात केली. प्रश्न संपायच्या आत त्याला वाईट वाटलं होतं. म्हणाला, आपल्या केंद्राच्या आधीच्या पत्रव्यवहारात अशा प्रसंगी हेच कारण दिलेलं आढळतं, समोरच्या व्यक्तीचं मन दुखावू नये असा त्यामागचा चांगला हेतू दिसतो, मात्र या कुटुंबाच्या बाबतीत ते गैरलागू ठरलं. "त्याऐवजी मुलगा परदेशी जाणार आहे असं कळवू का? किंवा उंचीचं कारणही याआधी वापरलेलं आहे."

मी झडप घालून माइक नि आवाज दोन्ही बंद केले, पण उशीर झाला होता.

"उंची?" मुलगी म्हणाली. "मागच्या वेळी मला उंचीचंच कळवलं होतं."

खालून दुकानातल्या माणसाचा, ताई पदर बघा पदर, असा आवाज येत होता.

"त्या दिवसापासून मी टाचांच्या चपला घातल्या नाहीत," ती म्हणाली. "ते खरं होतं का मिस?"

"नाही," मिस म्हणाल्या.

"मग काय होतं?"

"जे आज आहे तेच. जात. आज मुलाची आई म्हणाली, अट नाही म्हणजे अगदीच नाही असं नसतं."

मुलगी आता खुर्चीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावली नव्हती. "मला वाटायचं माझ्यातच काहीतरी आहे," ती म्हणाली. "आरशासमोर उभी राहून शोधायचे मी. बोलणं जास्त आहे का, चालणं कसं आहे. आई म्हणायची, केस मोकळे सोडू नको." मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी कीबोर्ड पुसायला घेतला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "मिस, यंत्रच ते. त्याला कुठली नीती."

"नीती आहे त्याला," मिस म्हणाल्या. "माझीच आहे."

मग त्यांनी फोन जवळ ओढला आणि लालबागचा नंबर लावला. मुलगी उठायला लागली, तर तिला हातानेच बस म्हणाल्या. या वेळी स्पीकर लावला नव्हता, त्यामुळे आम्हाला एकच बाजू ऐकू आली. आणि फोनवर मधासारखं बोलणाऱ्या मिस त्या दिवशी शाळेत भाषण विसरलेल्या मुलीसारख्या अडखळत होत्या.

"ताई, केंद्रातून बोलतेय... तुमच्या मुलाच्या माहितीतली ती अट नाहीची ओळ मी काढून टाकतेय... नाही, चुकून नाही. खोटी आहे म्हणून... आणि मुलीला मी खरं कारण सांगितलंय... हो, तुमच्याच शब्दांत... हो ताई, मी ख्रिश्चन आहे, पण तुमच्याशी मराठीतच बोलतेय ना... मालकांना सांगा, नंबर देते... वाईट मलाही वाटतंय. दर वेळी ते हिनेच का वाटून घ्यायचं?"

पलीकडून फोन आपटला गेला असावा, कारण मिस रिसीव्हरकडे बघत राहिल्या. तो खाली ठेवताना दोनदा जागेवर बसला नाही. त्यांचे हात थरथरत होते. मुलीने न विचारता त्यांचं मनगट हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि हॉस्पिटलात सांगतात तसं सांगितलं, "मूठ मिटा. उघडा. परत मिटा." मिस मुकाट्याने मूठ मिटत-उघडत राहिल्या.

"याने हे ऐकलं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही मिस. माइक मीच बंद केला होता."

"मग लिही. मी काय बोलले ते सगळं लिही. आणि लिही की बोलताना माझे हात थरथरले. हा माझ्यावरून शिकतो ना, मग हेही शिकू दे."

मी शब्दन्‌शब्द टाइप केलं. उत्तर ताबडतोब आलं. चिरंजीवने ही मोलाची माहिती दिल्याबद्दल आभार मानले होते आणि पुढे विचारलं होतं, यापुढच्या प्रत्येक नकारात "हे कळवताना माझे हात थरथरत आहेत" असं वाक्य घालू का?

मी ते मोठ्याने वाचलं. आधी ती मुलगी हसली. मग मी. मिस हसल्या नाहीत. त्या स्क्रीनकडे पाहत होत्या, काही न कळणाऱ्या नातवाकडे पाहावं तशा.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "नकार इथून पुढे माझ्याकडे." मग खुर्ची मुलीकडे वळवली. "बाय, तुझी मागची सगळी स्थळं का मोडली ते सांगते. ऐकवेल तुला?"

मुलीने घड्याळात पाहिलं आणि हॉस्पिटलला फोन लावला. उशीर होईल म्हणाली. पलीकडून कारण विचारलं असावं. तिने मिसकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "मला नकार का आले ते ऐकायला बसलेय."